जिप्सीचा पुढचा एक्सल मजबूत करायचाय? मग कुठं तुटू द्यायचं ते आधी ठरव

प्रश्न असा आलाय: मिलिटरीच्या लिलावातली जिप्सी किंग घेतली, ३१ इंची टायर टाकले, रिम बाहेर निघालेले घेतले, आता ५०-६० च्या स्पीडला खड्डा लागला की स्टीअरिंग थरथरायला लागतं, उजव्या नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) काळं पातळ ग्रीस गळतंय, आणि पुढं लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) टाकायचा विचार आहे. तर एक्सल मजबूत करायला वरून ट्रस (आधाराचा लोखंडी डबा) मारू की क्रोमोलीचे (जास्त मजबूत मिश्र पोलादाचे) शाफ्ट मागवू, पैसे सध्या एकाच कामाचे आहेत. विचारणारा आमच्या इंदूरच्या सुदामा नगरचा पोरगा आहे, मला काका म्हणालाय, म्हणून मीही सरळ अरे-तुरे करतो.

बघ, या महिन्यात दोन्ही नको. तुझा एक्सल अजून कमजोर ठरलेलाच नाही, तो नुसता ढिला आणि उपाशी आहे. आधी नकल उघड.

मी देवास नाक्याच्या बाजूला वीसेक वर्षं हेच काम करतोय आणि लिलावातनं आलेल्या जिप्स्या इतक्या बघितल्यात की आता टायर काढायच्या आधीच आत काय निघणार ते कळतं. या गाडीला पुढं सॉलिड एक्सल आहे, म्हणजे एकच आडवी नळी, तिच्या दोन टोकांना चेंडूसारखे गोळे, आणि त्या गोळ्यांवर वर-खाली एकेक किंगपिन धरून नकल फिरतो. किंगपिनवर टेपर रोलर बेरिंग असतात. आता गंमत अशी की गाडी नव्वद टक्के वेळ सरळ चालते, म्हणजे हे बेरिंग फिरतच नाहीत, एकाच जागी उभे राहून खड्ड्याखड्ड्याला मार खातात, आणि वर्षानुवर्षं असं झालं की रोलरच्या रेषा बाहेरच्या रेसमध्ये, म्हणजे बेरिंगच्या कड्यात, उमटतात. नखानं लागतात बघ, कंगव्यासारख्या. मग स्टीअरिंग मधोमध आलं की रोलर त्या खाचेत बसतो, जरा वळवलं की बाहेर येतो, प्रीलोड, म्हणजे बेरिंग आवळून दिलेला दाब, गेलेला असतो, आणि टायर मोठा झाला की तोच खेळ थरथर म्हणून हातात येतो. लोक काय करतात, स्टीअरिंग डॅम्पर लावून मोकळे होतात. थरथर दिसेनाशी होते, रेस आत खातच राहते.

काम कसं करायचं ते लिहितो म्हणजे कुणाकडूनही करून घेताना तुला कळेल. नकल उघडला की जुनं ग्रीस बोटावर घेऊन बघ. घट्ट काळं असेल तर नुसतं जुनं आहे. पातळ, गिअर ऑइलचा वास येणारं असेल, आणि तुझ्या वर्णनावरून तेच दिसतंय, तर आतलं एक्सल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये उतरतंय. आणि फिकट, ताकात कालवलेल्या बेसनासारखं निघालं तर पाणी गेलंय. आपल्याकडं माळव्यात तिसरा प्रकार फार. काळी माती पावसात गोळ्याला चिकटते, वाळली की सिमेंट होते, आणि वळवताना बाहेरचं फेल्ट आणि रबराचं सील घासून टाकते, मग पुढच्या नाल्यात पाणी आत.

याचं अर्धं मूळ ब्रीदरमध्ये, म्हणजे एक्सलच्या हवा जाण्या-येण्याच्या भोकात, असतं हे फार कमी जण बघतात. एक्सल चालून गरम झालेला असतो, त्यातली हवा फुगलेली असते, गाडी थंड पाण्यात उतरली की हवा आकसते आणि एक्सल चक्क पाणी ओढून घेतो, जिथनं मिळेल तिथनं, म्हणजे सीलमधनं. ब्रीदरला रबरी पाइप लावून तो इंजिनच्या खोलीत वर फायरवॉलपाशी नेऊन बांध. लॉकरच्या पैशात अशा पन्नास नळ्या येतील.

बेरिंग रेससकट चारही नवे टाक. रेस तीच ठेवून नुसते रोलर बदलणारा भेटला तर चावी परत घे. प्रीलोड शिमवर, म्हणजे पातळ चकत्यांवर, सेट होतो, शिम कमी केली की आवळतं. हातानं हलवून ‘ठीक है’ म्हणणं चालत नाही, टाय रॉड सोडायचा, गोळ्याचं सील आधी बसवायचं नाही कारण त्याचा ओढा वेगळा धरतो, आणि टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगचा हुकाचा काटा अडकवून ओढायचं, नकल हलायला सुरुवात होते तो आकडा मॅन्युअलशी जुळवायचा. दोन्ही बाजू सारख्या यायला पाहिजेत. किंगपिनचे बोल्ट जुने वापरू नको, डोक्यावर १०.९ लिहिलेले नवे घे, थ्रेडलॉक लाव, टॉर्क रेंचनं आवळ आणि प्रत्येक बोल्टवरून खालच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मार. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट हलला. जिप्सीत हे बोल्ट ढिले होतात, एकदा ढिले झाले की नकलमधल्या चुड्या (आटे) जातात आणि मग खरा खर्च.

हे एवढं झाल्यावर निम्मे लोक परत येऊन सांगतात की काका आता ट्रस नको वाटतोय.

आता जोराचं गणित. तू इंजिनिअरिंगवाला आहेस म्हणालास तर हे आवडेल. जिप्सी किंगचं इंजिन १०३ न्यूटन मीटर देतं. ते पहिल्या गिअरनं, मग ट्रान्सफर केसच्या लो नं, मग डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांनी गुणलं की चाकांकडं जाणारा आकडा तीन हजारांच्या वर जातो. ऐकून घाबरायला होतं, पण शाफ्टवर एरवी तेवढा येत नाही, कारण त्याच्या आधी टायर घसरतो. एका पुढच्या चाकावर समज ३०० किलो वजन आहे, पकड अगदी उत्तम आहे, टायरची त्रिज्या ३५ सेंटीमीटर, तर साधारण हजार न्यूटन मीटरला टायर सुटतो. म्हणजे टायर घसरू शकतो तोपर्यंत शाफ्टला अभय आहे. शाफ्ट तुटतो तो टायर घसरू शकत नाही तेव्हा, म्हणजे दोन दगडांच्या फटीत अडकलेला असताना, नाही तर हवेत गरागरा फिरत असलेला टायर अचानक खडकावर टेकतो तेव्हा. आणि मोठा टायर दोन्हीकडनं मारतो. कंपनीचा २०५/७० आर १५ साधारण ३३४ मिलिमीटर त्रिज्येचा, तुझा ३१ इंची ३९४ चा, म्हणजे दांडा १८ टक्के लांब झाला. वर त्याचं वजन, ते फिरताना साठलेलं, एका झटक्यात शाफ्टवर उतरतं.

त्यातनं जिप्सीत पुढं बर्फील्ड आहे. नाव एका ब्रिटिश कंपनीचं, डिझाइन रझेप्पाचं, बाजारात सगळे सीव्ही जॉइंटच म्हणतात. वाटीत सहा गोळ्या, मधे पिंजरा. चाक सरळ असताना सहाही गोळ्या भार वाटून घेतात, स्टीअरिंग फुल कट केलं, म्हणजे शेवटपर्यंत वळवलं, की वाटणी बिघडते, दोन-तीन गोळ्यांवरच सगळं येतं आणि पिंजरा आडवा दाबला जातो. म्हणून बर्फील्ड जवळपास नेहमी फुल कटमध्येच जातो.

एक प्रसंग सांगतो, आमच्याच ग्रुपमधला. चोरलच्या बाजूला नाला चढताना एका जिप्सीचं डावं चाक दोन दगडांत बसलं, पोरानं स्टीअरिंग पूर्ण कापलेलं तसंच ठेवून आधी पुढं मारली, मग रिव्हर्स, मग पुढं, प्रत्येक वेळेला ॲक्सिलरेटर आधीपेक्षा जास्त. मी बाहेर उभा राहून ओरडतोय की स्टीअरिंग सरळ कर, तर आत म्युझिक चालू. तिसऱ्या वेळेला टक् असा आवाज आला, फार मोठा नाही, नारळ फोडल्यासारखा, आणि चाक मोकळं. उघडलं तर वाटी उभी चिरलेली, पिंजऱ्याचे चार तुकडे, एक गोळी नकलच्या भिंतीत रुतलेली. त्या पोराचे शाफ्ट बाहेरचे, महागातले क्रोमोलीचे होते हां. शाफ्टला काही झालं नव्हतं, त्याला लागून असलेला कंपनीचा जुना बर्फील्ड गेला.

मजबुती म्हणजे साखळी आहे. शाफ्ट पक्का केला की बर्फील्ड जातो, दोन्ही पक्के केले की हब किंवा क्राऊन-पिनियन. आणि क्राऊन जंगलात बदलता येत नाही, दातांचे तुकडे सगळ्या पेटीत फिरून येतात. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला पहिलं विचारतो की तुला तुटलेलं कुठं परवडेल. माझं स्वतःचं उत्तर फ्री व्हील हब, म्हणजे चाक शाफ्टला जोडणारा-सोडणारा भाग. बाहेर आहे, हातानं उघडतो, दहा मिनिटांत दुसरा लागतो, पुढची पॉवर गेली तरी टू-व्हील ड्राइव्हवर घरी येता येतं. म्हणून माझ्या गाडीत सगळं वाढवलंय पण हब कंपनीचेच ठेवलेत आणि सीटखाली एक जास्तीचा जोड पडलेला असतो.

बरं, हाऊसिंग. एक्सलची नळी वाकते कशी हे समजून घे. चाकं टोकाला वर ढकलतात, पाटे मधे खाली दाबतात, म्हणजे नळी झोळीसारखी होते, टोकं वर. तशी वाकली की दोन्ही टायर वरच्या बाजूनं आत झुकतात आणि आतली कड खातात. बाहेर निघालेले रिम किंवा स्पेसर असले की चाक पाट्यापासून लांब जातं आणि तोच भार नळीला जास्त वाकवतो, तेव्हा तुझा पहिला फुकटातला ट्रस म्हणजे ते रिम बदलणं. वाकलंय की नाही ते घरी बघता येतं. लेव्हल फरशी, टायरमध्ये हवा सारखी, स्टीअरिंग सरळ, आणि फेंडरवरून ओळंबा सोडायचा, रिमची वरची कड आणि खालची कड दोरीपासून किती लांब ते मोजायचं. वरच्या-खालच्या मापात ४०० मिलिमीटर अंतर धरलं तर ७ मिलिमीटर फरक म्हणजे एक डिग्री. कंपनीनं थोडा बाहेरचा झुकाव दिलेला असतो, तो उलटा आत गेलेला दिसला किंवा दोन बाजू वेगळ्या आल्या तर नळी वाकलीय असं धर, बेरिंगचा खेळ आधी काढलेला असला तर.

ट्रस का चालतो तर शाळेतली फूटपट्टी आडवी धरली तर वाकते, उभी धरली तर नाही. उंचीनं ताठपणा घनात वाढतो, जाडीनं सरळ. हे न कळल्यामुळं लोक लोहामंडीतनं दहा एमएमची प्लेट घेऊन येतात. अरे भिया, रणगाडा बनवायचाय का. पाच एमएमची प्लेट, साठ मिलिमीटर उंचीचा डबा, नऊशेच्या आसपास लांबी, वजन सहा-सात किलो होतं आणि पुष्कळ झालं. दहाची केलीस तर दुप्पट वजन आणि ते सगळं स्प्रिंगच्या खालचं, गाडी दगडावर धडाधड आपटणार. ट्रस डिफरन्शियलच्या पोटावरून सलग दोन्ही पाट्यांच्या पलीकडं गेला पाहिजे, कारण दोन पाट्यांमधल्या भागावरच वाकवणारा जोर सगळ्यात जास्त असतो. टोकं एकदम कापून सोडू नको, निमुळती कर, आणि टोकाला नळीवर आडवा वेल्ड मारायचा नाही, नळी पुढं तिथनंच तडकते. जिप्सीला पाटे एक्सलच्या खालून आहेत त्यामुळं वर जागा मिळते, पण इंजिनचा ऑइल पॅन वरच आहे, तेव्हा पाटे पूर्ण दबल्यावर किती बोटं राहतात ते आधी मोज. आणि समोरून दगडावर आपटून एक्सल मागं वाकतो त्याला वरचा ट्रस काही करत नाही, ते टो (चाकांची सरळ दिशा) बिघडलेल्यावरून कळतं, त्याला समोरच्या बाजूनं वेगळे गसेट (आधाराच्या पट्ट्या) लागतात.

माझा पहिला ट्रस मी स्वतः बिघडवलेला आहे. नवीन मिग मशीन आणलेलं, हात शिवशिवत होते, एका बाजूनं सुरू केलं आणि थेट दुसऱ्या टोकाला थांबलो. वेल्ड इतका सुंदर की फोटो काढून भावाला पाठवला. गाडी बांधली, चालवली, दोन हजार किलोमीटरच्या आत दोन्ही टायरची आतली कड टकली. वेल्ड थंड होताना आकसतो, वरच्या बाजूला आकसला म्हणजे टोकं वर उचलली गेली, म्हणजे जे भारानं वाकायचं होतं ते मीच वाकवून दिलं. नंतर खालच्या बाजूला थोडे वेल्ड मारून परत खेचलं, पण ते करताना आठवडा गेला आणि गिऱ्हाइकाला टायर माझ्या पैशानं घेऊन दिले.

तेव्हापासून नियम असा की एक्सल गाडीतनं बाहेर, ऑइल पूर्ण काढून, सील-बेरिंग सगळं उतरवून, पाट्यांच्या पॅडवरून जाड आय बीमला बोल्टनं कसून बांधायचा. आधी सगळीकडं टाके, मग एक-दीड इंचाचे तुकडे, एक इकडं, एक तिकडं, एक मधे, आणि हात लावता येईल इतकं थंड झाल्यावर पुढचा. दुपारी जेवून येऊन मग परत. रॉडनं करत असशील तर ७०१८ नंबरचा घे, पण तो ओव्हनमध्ये वाळवलेला पाहिजे, जुलैमध्ये पाकीट उघडून ठेवलेला रॉड म्हणजे आत हायड्रोजन आणि पुढं तडा. जिप्सीचं हाऊसिंग पत्र्याच्या स्टीलचं आहे म्हणून वेल्ड धरतं. जुन्या महिंद्रा जीपसारखं मधे बिडाचं पोट असेल तर हेच तसंच करू नको, तिथं आधी गरम करणं, निकेलचा रॉड आणि नंतर राखेत किंवा वाळूत हळू थंड करणं, ते वेगळंच प्रकरण आहे. गोळ्याच्या जवळ गसेट मारताना सील फिरतं त्या चकचकीत भागाच्या आधीच थांबायचं. आणि साफ करायला ब्रेक क्लीनर वापरलास तर बाटलीवर क्लोरीनवालं काही लिहिलंय का ते वाच, तसलं द्रव्य राहिलेल्या लोखंडावर आर्क मारला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. थिनरनं पुसून पूर्ण वाळू दे, हाऊसिंगचं तोंड उघडं ठेव, बास.

टाय रॉडबद्दल दोन वाक्यं. ३१ च्या टायरला कंपनीचा रॉड दगडावर वाकतो, सीमलेस पाइपचा जाड करून घे, पण बॉल जॉइंट किंवा स्टीअरिंग आर्मसारख्या फोर्ज भागाला वेल्ड लावू देऊ नको, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी. शॅकल लांब करून गाडी उचलली असशील तर कॅस्टरही (किंगपिनचा पुढं-मागं कल) बिघडलेला असणार, थरथरीत त्याचाही हिस्सा असू शकतो.

शाफ्टचं म्हणशील तर सियागंजच्या बाजारात विचारलंस की कुणीतरी खरादवाला (लेथवाला) दाखवेलच, दोन दिवसांत बनवून देतो म्हणेल. एकच विचार, माल कुठला, म्हणजे स्टीलचा ग्रेड कोणता. ईएन ८ म्हणाला तर चहा पिऊन ये. ईएन १९ चालतो, ईएन २४ चांगला, तोच साधारण ४३४० च्या जातीचा, पण हीट ट्रीटमेंट झाल्याशिवाय दोन्ही नुसते महागाचे गज आहेत, आणि ती पीथमपूरकडच्या कारखान्यातनं कागदावर कडकपणा लिहून करून आण. बसवताना शाफ्टवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ऑइल पेंटनं एक सरळ रेघ ओढ. सहा महिन्यांनी काढशील तेव्हा रेघ जिलबीसारखी वळलेली दिसली तर शाफ्ट पिळला गेलाय, तुटायची वाट न बघता बदल.

आणि लॉकर पुढं नको, मागं टाक. चढावर वजन मागं जातं, पकड मागं असते, मागं बर्फील्ड नाही, स्टीअरिंग जड होत नाही. पुढं लॉकर टाकला की दोन चाकांतली सगळी ताकद पकड असलेल्या एकाच शाफ्टवर जाऊ शकते, तीही नेमकी चाक वळलेलं असताना. जानापावच्या मागच्या दगडी वाटा मी मागच्या लॉकरवर केल्यात, पुढचा फक्त स्पर्धेत पळणाऱ्या दोन गाड्यांना बसवलाय.

कायद्याचं तुला माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही. टायर-बदल, लिफ्ट वगैरे त्यात येऊ शकतं, आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडं आधी विचारून घे.

तर तुझ्यासाठी: नकल, सील, ब्रीदर, मग रिम आत घे, मग ओळंबा लावून मला आकडे पाठव, दोन्ही बाजूंचे, वरचं आणि खालचं वेगवेगळं लिहून. नळी सरळ असेल तर ट्रस दिवाळीनंतर करू, पावसात रॉड वाळत नाहीत. पाट्यांचे यू बोल्ट जुने परत लावू नको, नवे लावून शंभर किलोमीटरनंतर परत आवळ. आणि येशील तर सोमवारी नको, सोमवारी वेल्डर नसतो.